विदर्भातल्या जंगलाचा सर्व्हायव्हल गेम करताय? शस्त्रं निवडताना या चुका टाळा

आमच्या गेममध्ये वाघ कुऱ्हाडीच्या तीन घावांत मरायचा. सिंदेवाही तालुक्यातलं आमचं गाव, शेताच्या बांधाला लागून जंगल, आणि तिथेच ओसरीत बसून आम्ही तिघं भावंडं मोबाइलसाठी हा गेम बनवत होतो. पहिला डेमो बाबांना दाखवला. धानाच्या बांधीवर डुकरं हाकलत जागलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. धाकट्याने स्क्रीनवर वाघ लोळवला तेव्हा बाबा म्हणाले, "वाघ होय का मांजर बे? अन् ते कुराड कायची? दांडा कोनत्या लाकडाचा हाय?"

दांड्याचं लाकूड आमच्या कोष्टकात नव्हतंच. नुकसान २५, वेग ३, टिकाऊपणा ५०, एवढेच आकडे होते. त्यानंतर आम्ही सगळी शस्त्रं काढली आणि एकेक करून परत आत घेतली. त्यात जे चुकलं ते इथे लिहितो. मेळघाट, नवेगाव किंवा गडचिरोली डोळ्यांपुढे ठेवून कोणी मोबाइलवरचा किंवा पटावरचा असा खेळ करत असेल, तर त्याचे दोन-चार महिने तरी वाचतील.

सगळी शस्त्रं मारण्यासाठीच आहेत असं धरणं

लक्षण ओळखायला सोपं आहे. खेळणारा दुसऱ्याच दिवशी सगळ्यात मोठ्या आकड्याचं शस्त्र पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला माणसं पहाटे निघतात तेव्हा हातात काठी असते, एखाद्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. ती वाघाशी लढायला नसते. चारचौघांनी मिळून जायचं, मोठ्याने बोलत जायचं, झुडपावर काठी आपटत जायचं, म्हणजे जनावराला आधीच चाहूल लागते आणि ते वाट सोडतं. त्या काठीचं खरं काम आवाज करणं आणि दोन हात अंतर राखणं. म्हणून आम्ही प्रत्येक शस्त्राला नुकसानीच्या आधी तीन रकाने दिले: आवाज, अंतर, आणि दिवसभर वागवायचं ओझं. जनावरांनाही नुसता जीव न देता बिचकण्याचा आकडा दिला. रानडुक्कर आरडाओरड्याने वळतं, पण जखमी झालं की अंगावर येतं. अस्वलाचं उलट आहे. मार्च-एप्रिलमध्ये ते मोहाखाली फुलं खात असतं, मान खाली, नजर अधू. आवाज न करता त्याच्या दहा पावलांवर पोचलात तर ते पळत नाही, सरळ तोंडावर झेपावतं. आमच्या गेममध्ये चोरपावलांनी चालणाऱ्याला सगळ्यात जास्त मार अस्वलाकडूनच बसतो, आणि इथल्या कोणालाही त्यात नवल वाटत नाही.

वाघ मारायचा पर्याय आम्ही काढूनच टाकला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टी-१ या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीला २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गोळी घातली गेली. त्याआधी कॅमेरा ट्रॅप, हत्ती, कुत्री, बेशुद्धीच्या बंदुका असा सगळा सरंजाम कित्येक आठवडे रानात होता. तिथे आपला एकटा नायक दगडी कुऱ्हाड घेऊन काय करणार?

कुठलाही दगड उचलून सुरी बनवणं

परदेशी गेम पाहून आम्ही ऑब्सिडियनची काळी चमकदार सुरी ठेवली होती. ती काच ज्वालामुखीतून येते हे खरं, आणि पश्चिम विदर्भ लाव्हाच्या काळ्या दगडावर बसला आहे हेही खरं. पण हा बेसाल्ट आहे, काच नाही. त्याला तसं पातं सुटत नाही. त्याच्या पोकळ्यांत मात्र अकीक आणि चर्टसारखे गुळगुळीत दगड मिळतात, आणि त्यांच्या कपच्या खरोखर धारदार निघतात. म्हणून आमच्या नकाशात अमरावती-यवतमाळच्या बाजूला नदीच्या गोट्यांत शोधलं तर पात्याचा दगड मिळतो. पूर्वेला ग्रॅनाइट-नाइसच्या भागात तोच खेळाडू दिवसभर दगड फोडतो आणि हाताला फोड आणून घेतो. चंद्रपूरजवळ पापामिया टेकडीला अश्मयुगीन हत्यारं सापडली आहेत, तेव्हा माणसाने इथे दगड निवडायची विद्या फार आधी कमावली होती हे पक्कं.

याच्याच पोटात दुसरी चूक लपलेली असते. आदिम म्हटलं की आपण दगडावरच थांबतो. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी इथे लोहयुगातली शिळावर्तुळं, म्हणजे दफनाभोवती गोल मांडलेले मोठे दगड आहेत. पेंच नदीकाठच्या नैकुंडला तर त्याच काळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात मिळाली. म्हणजे अडीच हजार वर्षांपेक्षा जास्त काळ इथल्या माणसाच्या हातात लोखंडी कुऱ्हाड आहे. रानातल्या माणसाला दगडाचा भाला देऊन 'आदिवासी' म्हणून उभं करणं हे वास्तवही नाही आणि शोभतही नाही. दगड फक्त त्या खेळाडूच्या हाती द्या, ज्याचं सगळं सामान नाल्याच्या पुरात वाहून गेलं आहे.

धनुष्याला बाराही महिने सारखं मानणं

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला.

आमच्या पहिल्या धनुष्याची कृती अशी होती: एक फांदी, एक वेल, दहा सेकंद. फांदी कोणतीही चालायची, सागाचीसुद्धा. साग दारं-खिडक्यांना उत्तम, पण धनुष्याला लागते लवचीक लाकडाची उसळी, आणि त्यासाठी धामणाचं नाव घेतात. त्याहून सोयीचा बांबू. आमच्या रानातला मानवेल भरीव असतो, त्याची जुनी काठी चिरून धनुष्य होतं. दोरीही बांबूच्याच चिपाटीची करतात. पाऊस लागला की आतडं किंवा कच्चं कातडं सैल पडतं, चिपाटीला तेवढा त्रास होत नाही.

पण बांबू कोणता? कोवळा तोडला तर वाकतो आणि वाकलेलाच राहतो. पावसाळ्यात तोडला तर त्यातल्या पिठूळ अंशाला कीड लागते आणि काठीखाली पिवळी भुकटी पडायला लागते. तीन वर्षांच्या पुढचा बांबू, थंडीत तोडलेला, सावलीत वाळवलेला, असा लागतो. म्हणून आता गेममध्ये दोन धनुष्यं आहेत. ओल्या बांबूचं घाईचं धनुष्य अर्ध्या तासात होतं, पाच-सहा दिवसांत मऊ पडतं, पाखरापलीकडे त्याचा उपयोग नाही. चांगलं धनुष्य करायचं तर वाळका बांबू शोधावा लागतो, बहुतेक एखाद्या पडक्या घराच्या वाशांत.

बाणाचंही तेच. पाखरांसाठी बोथट लाकडी टोक, मोठ्या जनावरासाठी लोहाराकडचं लोखंडी पातं, मागे पिसं. आम्ही सगळ्यांना एकच 'बाण' केला होता. त्यामुळे लोखंडी टोकाचा बाण झाडाच्या शेंड्यावर मारून हरवायचा की नाही, हा विचारच खेळाडूला करावा लागत नव्हता.

आता ऋतू. फेब्रुवारीपासून सागाची पानं गळतात आणि जमिनीवर पापडाचा थर होतो. त्यावर पाय टाकला की पन्नास पावलांवरचं चितळ कान टवकारतं. साध्या धनुष्याने नेम धरायचा तर पंधरा-वीस पावलांवर पोचावं लागतं. उन्हाळ्यात ते जवळपास अशक्य, म्हणून पाणवठ्याशी दबा धरून बसावं लागतं, आणि तिथे तुमच्यासारखंच दबा धरून बसलेलं आणखी कोणी असतं. पावसाळ्यात पानं ओली, पाऊल वाजत नाही, पण गवत छातीएवढं वाढलेलं असतं आणि बाण काडीला लागून भरकटतो. बाण लागलाच तरी जनावर जागच्या जागी पडत नाही. बाण रक्तस्रावाने मारतो, धक्क्याने नाही. जनावर पळतं, मग रक्ताचा माग काढत जायचं, आणि मध्येच पाऊस आला तर मागही गेला. एवढं घातल्यावर आमच्या धनुष्याचा नुकसानीचा आकडा बदलायची गरजच उरली नाही.

दोन टोकांना कप्पी (चाक) असलेलं आधुनिक कंपाउंड बो हवंच असेल तर द्या, पण एक ध्यानात ठेवा: त्याची केबल तुटली तर बदलायला दाबयंत्र लागतं. जंगलात ते तुटलं की संपलं.

जागा न पाहता हत्यार फिरवणं

गोफण बहुतेक गेममध्ये नसतेच. विदर्भाच्या गेममध्ये ती नसेल तर लाज वाटली पाहिजे. अंबाडीच्या दोरीची गोफण आणि खिसाभर गोटे, एवढ्यात ज्वारीच्या शेतातली पाखरं दिवसभर हाकलता येतात. पण ती डोक्यावरून फिरवायला मोकळी जागा लागते. बांबूच्या रांजीत गोफण फिरवून पाहा, पहिल्याच वेढ्याला अडकते. भाल्याचंही तसंच, मोकळ्या माळावर तो डुकराला अंगाजवळ येऊ देत नाही आणि दाट झाडीत वळवतासुद्धा येत नाही. आम्ही नकाशाच्या प्रत्येक चौकटीला 'मोकळीक' नावाचा आकडा दिला, आणि शंभर तक्रारी एकदम मिटल्या.

बंदूक म्हणजे परदेशी गेममधली बंदूक

चित्रपटातल्यासारखी एके-४७ झाडाखाली ठेवू नका. ती सामान्य माणसाला परवान्यावर मिळतच नाही. गावात असलीच तर पीक राखण्याच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी असते, किंवा क्वचित एखाद्याकडे ०.३१५ ची बोल्टवाली सरकारी कारखान्याची रायफल. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. आणि निवडणूक लागली की अनेकदा त्याही ठाण्यात जमा कराव्या लागतात. आम्ही हे जसंच्या तसं गेममध्ये घेतलं: काही वेळा खेळाडू धापा टाकत पाटलाच्या वाड्यावर पोचतो आणि खुंटीवर नुसता पट्टा लटकत असतो.

दुनळी म्हणजे दोन गोळ्या. मग ती मोडून रिकामी काडतुसं काढायची, नवी घालायची, आणि समोर डुक्कर असेल तर हातही थरथरतो. दुसरीकडे, गेममधली छर्ऱ्याची बंदूक पाच पावलांपलीकडे कुचकामी दाखवतात तेही खोटं. मोठ्या छर्ऱ्याचं, म्हणजे एलजीचं काडतूस पंचवीस-तीस मीटरवरही जोरात लागतं.

जुनी ठासणीची बंदूक, जिला आमच्या पट्ट्यात भरमार म्हणतात, ती घेतली तर तिचे दोष पुरेपूर घ्या: एकच बार, भरायला वेळ, धुरामुळे समोरचं दिसत नाही आणि दारू दमट झाली की नुसती फुसकी. छर्ऱ्याची एअरगन मात्र आम्ही मुद्दाम ठेवली. ४.५ मिलिमीटर बोअर आणि छर्ऱ्याचा जोर २० ज्यूलपर्यंत असेल तर तिला परवाना लागत नाही, माकडांना बिचकवायला ती पुरते. डुकरावर वापरणाऱ्याला गेम स्वतःच धडा देतो.

बेशुद्धीच्या बंदुकीने जनावर क्षणात झोपतं, ही समजूतही काढून टाका. डार्ट लागल्यावर औषध चढायला काही मिनिटं जातात, आणि मात्रा वजनावर ठरते. तेवढ्या वेळात चिडलेलं जनावर तुमच्या बाजूने पळालं तर?

शिवाय कायद्याचं लक्षात असू द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरचा काळ दाखवत असाल तर चितळ मारणारा नायक गुन्हेगार आहे. आम्ही गोष्ट आजची ठेवली आणि पोट भरायला मासे, कंद, मोहफुलं दिली. शिकार केली तर जेवण मिळतं, पण पुढच्या गावात कोणी दार उघडत नाही.

कुंपणाला विसरणं

रात्रीच्या तळाला खरं आधुनिक शस्त्र आहे झटका मशीन. बॅटरी, छोटं सौर पॅनल आणि तार. झटका बसतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि कुंपण नावापुरतं उरतं. रोज संध्याकाळी विळा घेऊन तारेखालचं गवत कापायचं काम आम्ही खेळाडूला लावलं. कंटाळवाणं आहे अशी तक्रार आली. बाबा म्हणाले, "मंग आमी काय मजा म्हनून कापतो का?" ते काम तसंच ठेवलं. थेट विजेची तार मात्र शस्त्र म्हणून कधीच देऊ नका. आमच्याकडे ती वाघाबरोबर माणसांनाही मारते. गेममध्ये ती फक्त खेळाडूने चुकवायचा धोका आहे.

पन्नास घावांत तुटणारी कुऱ्हाड

लोखंडाचं पातं पन्नास घावांत नाहीसं होत नाही. आमच्या घरातलं पातं ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून लोहाराने केलेलं आहे, माझ्या जन्माआधीचं. दांडे मात्र किती बदलले याची गणती नाही. म्हणून टिकाऊपणाचा एक आकडा मोडून तीन केले: धार, दांडा, पाचर. धार बोथटते तेव्हा दगडावर घासून चालतं, फारच गेली तर लोहाराकडून पाजवून आणायची. दांडा तिवसाचा किंवा धामणाचा असेल तर टिकतो, कुठलंही लाकूड घातलं तर ऐन वेळी दगा देतो.

पाचरीची गोष्ट बाबांनीच सांगितली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दांड्याचं लाकूड आकसतं आणि पातं खुळखुळायला लागतं. अशा वेळी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात घालून ठेवतात, लाकूड फुगतं, पातं परत घट्ट बसतं. आम्ही ते घातलं: उन्हाळ्यात खुळखुळ आवाज ऐकूनही खेळाडूने घाव घातला तर पातं उडून झुडपात पडतं. सध्या एकच बग राहिला आहे. नाल्यात भिजत ठेवलेली कुऱ्हाड सकाळी कधी कधी खाली वाहून गेलेली असते. धाकटा म्हणतो तो दुरुस्त करू. बाबा म्हणतात राहू दे, माही एक गेली होती तशीच.