घरच्या हक्का नूडल्सचा गिचका होतो? या चुका टाळा

पुतणीच्या वाढदिवसाला बारा पोरं येणार होती. मी चार पाकिटं नूडल्स उकडल्या, माळ्यावरची मोठी हिंदालियमची कढई खाली काढली आणि सगळं एकदमच परतायला घेतलं. दहा मिनिटांनी कढईत भाज्या पोहत होत्या, नूडल्स तुटून बोटभर झाल्या होत्या आणि सोया सॉसमुळे सगळ्याला चहाच्या चोथ्याचा रंग आला होता. पुतणीने ताटलीत डोकावून विचारलं, "काकू, शेवयांचा उपमा केलास?" पोरांनी केक खाल्ला, वेफर्स खाल्ले. नूडल्स आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवल्या.

त्यानंतर स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर पार्सलची वाट बघताना मी फोन पर्समध्ये ठेवून त्या माणसाच्या हातांकडे बघायला लागले. साहित्य माझंच होतं: कोबी, गाजर, ढोबळी मिरची, पातीचा कांदा, त्याच तीन बाटल्या. फरक एवढाच की त्याच्या कढईत पाणी कुठेच नव्हतं आणि माझ्या कढईत ते सगळीकडे होतं. घरच्या नूडल्स बिघडण्याची कारणं लोक दहा सांगतात, पण बहुतेक कारणं खोदत गेलं की खाली पाणीच लागतं.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण ज्याला हक्का नूडल्स म्हणतो तो पदार्थ चीनमध्ये या नावाने शोधू नका. हक्का हे दक्षिण चीनमधल्या एका समाजाचं नाव, शब्दशः अर्थ 'पाहुणे लोक'. त्यांच्यातले बरेच जण कोलकात्यात येऊन स्थायिक झाले, तिथल्या टांगरा भागात त्यांनी चामडं कमावण्याचे कारखाने काढले, पुढे खानावळी चालवल्या. तिथे हिरवी मिरची, लसूण आणि सोया सॉस एकत्र नांदायला लागले, आणि तेच खाणं पुढे आपल्या गल्लीतल्या गाडीपर्यंत पोचलं. परतायची पद्धत मात्र अस्सल चिनी. प्रचंड आच, पातळ पत्र्याची खोल कढई आणि दोन-तीन मिनिटांचा खेळ. कँटनी भाषेत त्या धुरकट खमंगपणाला 'वोक हेइ' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. आपण घरी त्या कढईला श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही.

उकडतानाच निम्मं काम बिघडतं

पहिली चूक म्हणजे भांडं लहान आणि पाणी कमी. १५० ग्रॅमच्या एका पाकिटाला दीड-दोन लिटर पाणी हवं, तेही खळखळ उकळतं. कमी पाण्यात नूडल्स टाकल्या की उकळी बसते, मैद्याचा स्टार्च त्याच पाण्यात घट्ट होतो आणि नूडल्स स्वतःच्याच पेजेत शिजतात. अशा नूडल्स पुढे कितीही परता, चिकट त्या चिकटच. त्या पाण्यात चमचाभर तेल घातलं की नूडल्स सुट्या होतात, असं आपण ऐकत आलोय. तेल वर तरंगतं, फेस उतू जायला थोडा आळा बसतो, बाकी त्याचा उपयोग नाही. तेल नंतर लागणार आहे, तिथे ते कामाचं.

दुसरी चूक, पूर्ण शिजवणं. पाकिटावर चार मिनिटं लिहिली असतील तर तिसऱ्या मिनिटाला एक नूडल काढून नखाने तोडा. मधे टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. उरलेलं शिजणं कढईत होणार आहे. पाकिटावरची वेळ बहुधा लगेच वाढून खाण्याच्या हिशोबाने असते.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. चाळणीत ओतल्या, गार पाणी घातलं आणि तशाच ठिबकत्या नूडल्स कढईत. गार पाण्याने धुणं बरोबरच आहे. शिजणं थांबतं आणि वरचा चिकटा निघून जातो. पण त्यानंतर त्या निथळायला हव्यात, आणि निथळायला म्हणजे दोन मिनिटं नव्हे. चाळणीत दहा मिनिटं ठेवा, मग परातीत सुती पंचा पसरून त्यावर मोकळ्या करा, पंखा लावा. वीसेक मिनिटांनी हात लावला तर ओलसर लागतील पण बोटाला पाणी लागणार नाही. आता पाकिटामागे एक मोठा चमचा तेल हाताने चोळा. गाडीवाल्याच्या शेजारच्या टोपलीत तेल लावलेल्या नूडल्सचा जो ढीग असतो तो संध्याकाळी गर्दीत उकडलेला नसतो, दुपारीच तयार करून ठेवलेला असतो. ते फक्त सोयीसाठी नाही. शिजलेला स्टार्च गार झाला की घट्ट होतो, नूडल्सना अंग येतं. आपल्याला हे नवीन नाही. फोडणीचा भात शिळ्याचाच सुटसुटीत होतो, ताज्या गरम भाताला फोडणी दिली की त्याचा गोळा होतो, हे कुठल्याही आजीला माहीत आहे. नूडल्सचंही तेच. सकाळी उकडून, तेल लावून, झाकून फ्रीजमध्ये ठेवल्या तर संध्याकाळी पाच मिनिटांचं काम उरतं.

आणि हो, दोन मिनिटांत होणाऱ्या मसाल्याच्या पाकिटातल्या नूडल्स यासाठी वापरू नका. त्या बहुतेक कारखान्यातच वाफवून तळलेल्या असतात. पुन्हा उकडून पुन्हा परतल्या की लगदा ठरलेला.

कढई, आच आणि हावरटपणा

गाडीवरच्या शेगडीचा भर्र आवाज आठवा. ती आच आपल्या घरच्या बर्नरच्या कितीतरी पट असते, आणि त्यावर उपाय नाही. घरी गाडीवरच्यासारखा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आच वाढवता येत नाही, तर माल कमी करायचा. एका वेळी जास्तीत जास्त दोन माणसांपुरत्या नूडल्स. दीडशे ग्रॅम कोरड्या नूडल्स शिजल्यावर वजनाने दुपटीहून जास्त होतात, वर भाज्या. चार पाकिटांचा तो गार ढिगारा माझ्या कढईत पडला तेव्हा कढई जागच्या जागी थंड झाली. जोवर तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि खमंगपणा येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे पाणी आटेपर्यंत आपण परतत नसतो, पुन्हा उकडत असतो. बारा पोरं असतील तर सहा घाणे काढा. एक घाणा तीन मिनिटांत होतो, भजी नाही का आपण घाण्याने काढत?

भांडं लोखंडी घ्या. बिडाचा डोश्याचा तवा तर घरच्या आचेला गोल बुडाच्या वोकपेक्षाही बरा, कारण ज्योत लहान असली तरी सपाट बुडाला ती जास्त जागी लागते. इंडक्शन किंवा परदेशातल्या काचेच्या सपाट शेगड्यांवर गोल बुडाची कढई नुसती टेकते, तापत नाही. तिथेही जाड सपाट तवाच. तवा रिकामा तापवा, पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरायच्या ऐवजी मोत्यासारखा पळाला पाहिजे. मग तेल. नॉनस्टिकवर हे करू नका. तो रिकामा फार तापवायचा नसतो, २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो. म्हणजे ज्या आचेची आपल्याला गरज आहे तीच त्याला चालत नाही. तेलही रिफाइंड घ्या. घाण्याचं शेंगदाणा तेल माझं लाडकं आहे, पण ते लवकर धुरावतं आणि त्याचा वास सॉसशी भांडतो.

उडवण्याची हौस मलाही होती. व्हिडिओत बघून मी अर्धा कोबी गॅसच्या ओट्यावर घातला. गाडीवर आच कढईच्या बाजूंनी वर येते, उडवलेलं अन्न त्या झळांतून जातं. आपल्याकडे वर उडवलेल्या नूडल्स फक्त गार होऊन खाली येतात. घरी उलट करायचं. नूडल्स पसरून वीस-तीस सेकंद हात लावायचा नाही, खालून चर्रचर्र आवाज येऊ द्यायचा, मग चिमट्याने किंवा दोन उलथन्यांनी खालून उचलून पलटायच्या. चमच्याने ढवळलं की तुटतात.

भाज्यांचं पाणी

आपल्या हाताला भाजीची सवय असते. फोडणी, भाजी, मीठ, झाकण, एक वाफ. नूडल्समध्ये यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी घात करतात. मीठ पडलं की कोबी पाणी सोडतो, झाकणाखाली ते पाणी परत त्यातच पडतं आणि तुम्ही कोबीची भाजी करत बसता. मीठ अगदी शेवटी. झाकण कपाटातच राहू द्या.

भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या झाल्या पाहिजेत, आणि उभ्या, पातळ, सारख्या चिरलेल्या. गाजर जाड आणि कोबी बारीक असेल तर एक कच्चं, दुसरा मेलेला. सगळी चिराचिर आधी संपवा. तव्यावर लसूण पडल्यावर पातीचा कांदा शोधायला फ्रीज उघडलात तर लसूण जळलाच समजा. जळलेल्या लसणाला औषध नाही, ते तेल फेकून देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. मिक्सरमधली आलं-लसणाची पेस्टही नको. ती ओली असते, तळाला धरते. सुरीने बारीक चिरलेला लसूण घ्या, पाच-सात सेकंद, मग गाजर आणि फरसबी, मग कोबी, ढोबळी मिरची शेवटी. एकूण दोन मिनिटं. भाजी खाताना कुरकुर वाजली पाहिजे.

अंडं किंवा चिकन घालणार असाल तर ते आधी वेगळं परतून ताटलीत काढून ठेवा आणि शेवटी मिसळा. भाज्यांसोबत टाकलं तर चिकनचं पाणी आणि अंड्याचा चिकटा, दोन्ही नूडल्सना लागतं.

बाटल्या कढईवर उलट्या करू नका

सॉस हाही ओलाच पदार्थ. बाटलीतून थेट नूडल्सवर ओतला की एका जागी काळा डाग, बाकी पांढरं, मग आपण आणखी ओततो. एका पाकिटासाठी वाटीत एक मोठा चमचा सोया सॉस, एक लहान चमचा चिली सॉस, एक लहान चमचा व्हिनेगर, पाव चमचा मिरपूड आणि चिमूटभर साखर कालवून ठेवा. नूडल्स खमंग झाल्या की हे मिश्रण मधे न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडा. फस्स आवाज येतो, पाणी तिथल्या तिथे उडतं आणि सॉसची चव उरते. आवाज आला नाही तर कढई गार आहे, अर्धा मिनिट थांबा.

खारटपणाचा हिशोब बहुतेकांचा इथेच चुकतो. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये सुमारे दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ असतं. उकडताना घातलेलं मीठ, शेजवान चटणीतलं मीठ, वर अजिनोमोटो घातलं तर त्यातलं सोडियम. चव घेतल्याशिवाय वेगळं मीठ घालूच नये. डार्क सोया रंगासाठी असतो, एका पाकिटाला पाव चमचा पुरे. माझ्या त्या चहाच्या चोथ्याला तोच जबाबदार होता. आणि अजिनोमोटोवरून जे भांडण चालतं त्यात मी पडत नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून त्याची चव वेगळी काढली, हे खरं. पण ते न घातल्याने कुणाच्या नूडल्स बिघडलेल्या मी पाहिल्या नाहीत, आणि गिचका झालेल्या नूडल्स ते घातल्याने सुधारलेल्याही नाहीत.

झालंच आहे, आता काय?

नूडल्स चिकट झाल्या असतील तर ढवळणं आधी थांबवा. भाज्या जमतील तेवढ्या बाजूला काढा. बिडाच्या तव्यावर दोन चमचे तेल सोडून नूडल्स थालीपिठासारख्या थापा, मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं हलवू नका, कडा तांबूस दिसल्या की ताटलीच्या मदतीने उलटवा आणि दुसरी बाजूही तशीच होऊ द्या. वर भाज्या आणि सॉस. चीनमध्ये अशा कुरकुरीत नूडल्सचा मुद्दाम केलेला पदार्थ आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'दोन्ही बाजूंनी पिवळं' असा होतो. पाहुण्यांना तेच नाव सांगा.

खारट झाल्या तर साखर आणि व्हिनेगरने जीभ फसते, मीठ कमी होत नाही. बिनमिठाच्या नूडल्स किंवा वेगळा परतलेला मूठभर कोबी घाला. कोरड्या पडल्या तर चमचाभर पाणी, तेही कडेनेच. फिक्या आणि बेचव लागत असतील तर बाटलीकडे जाऊ नका, तवा पुन्हा कडक तापवा आणि अर्ध्याच नूडल्स त्यावर घ्या.

मागच्या वाढदिवसाला मी सकाळीच सहा पाकिटं उकडून परातीत पसरली होती. आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली पंचे आणि त्यावर नूडल्स बघून सासूबाई म्हणाल्या, "कुरडया घातल्यास की काय?" संध्याकाळी दहा घाणे काढले. दहाव्या घाण्याला माझा हात भरून आला होता, आणि पुतणी ताटली घेऊन अकराव्याची वाट बघत ओट्यापाशी उभी होती.