ओन्सेन र्‍योकानमधील मुक्काम : दुपारच्या आगमनापासून सकाळच्या निरोपापर्यंत

ओन्सेन म्हणजे जपानमधील नैसर्गिक उष्ण पाण्याचे झरे, आणि र्‍योकान म्हणजे अशा झऱ्यांच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पारंपरिक निवासस्थाने. तेथे प्रथमच जाणाऱ्याला एकच सूचना करायची झाली तर मी एवढेच सांगेन, की दुपारी ३ वाजता, म्हणजे खोली मिळण्याची वेळ होताच, दारात हजर राहावे. बहुतेक र्‍योकानांचा दिवस याच वेळी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० किंवा ११ वाजता संपतो. या सुमारे वीस तासांत पहिले स्नान, संध्याकाळी ६ ते ७ च्या दरम्यानचे भोजन, रात्रीचे स्नान, झोप, पहाटेचे स्नान आणि न्याहारी असा क्रम ठरलेला असतो, आणि दिलेले पैसे या संपूर्ण क्रमाचे असतात. दिवसभर स्थळे पाहून रात्री ८ वाजता पोहोचणाऱ्याला भोजन बहुधा मिळत नाही, कारण प्रत्येक पदार्थ ठरलेल्या वेळेच्या हिशेबाने शिजवलेला असतो. म्हणून ज्या दिवशी र्‍योकानमध्ये उतरायचे, त्या दिवशी दुसरा कोणताही मोठा बेत आखू नये.

गाव निवडताना ओन्सेन या शब्दाला जपानमध्ये कायद्याचा आधार आहे, हे ध्यानात घ्यावे. १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमापाशी पाण्याचे तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असावे लागते, किंवा कायद्यात दिलेल्या १९ घटकांपैकी किमान एक घटक त्यात ठरावीक प्रमाणात असावा लागतो. त्यामुळे उगमाशी कोमट असणारे आणि नंतर तापवलेले पाणीही नियमाने ओन्सेनच ठरते. झऱ्याचे पाणी पुन्हा न फिरवता सतत कुंडात सोडले जात असेल आणि काठावरून वाहून जात असेल, तर त्याला ‘गेन्सेन काकेनागाशी’ म्हणतात. पाण्यासाठीच जाणाऱ्याने आरक्षणापूर्वी हे शब्द शोधावेत.

सतराव्या शतकातील विद्वान हायाशी राझान याने आरिमा, कुसात्सु आणि गेरो या तीन झऱ्यांची एकत्र वाखाणणी केली आणि त्यांचा तो मान आजही टिकून आहे. यामानाशी प्रांतातील केइउनकान हे निवासस्थान इ. स. ७०५ पासून, तर इशिकावा प्रांतातील होशी हे ७१८ पासून चालू असल्याचे मानले जाते. तरीही पहिल्या मुक्कामासाठी प्रसिद्धीपेक्षा सोय पाहावी, असे माझे मत आहे. तोक्योहून जाणाऱ्याला हाकोने सोयीचे पडते, कारण तोक्योतील शिंजुकू स्थानकाहून थेट जलद गाडीने हाकोने-युमोतो सुमारे दीड तासाच्या अंतरावर आहे. क्योतोकडून जाणाऱ्याने किनोसाकीचा विचार अवश्य करावा. तेथे गावात सात सार्वजनिक स्नानगृहे असून र्‍योकानमध्ये मुक्काम करणाऱ्यांना त्यांत प्रवेश मिळतो. त्यामुळे संध्याकाळी कालव्याकाठच्या विलो वृक्षांखालून सारे गावच युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो नेसून, लाकडी खडावा वाजवत एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे जात असते, आणि नवख्या माणसाचे अवघडलेपण त्या गर्दीत आपोआप विरून जाते.

आरक्षण करताना दर खोलीमागे नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे भोजन व न्याहारी बहुधा धरलेली असते. मध्यम प्रतीच्या र्‍योकानमध्ये माणशी साधारण १५,००० ते ३०,००० येन लागतात. त्याखेरीज स्नानकर म्हणून बहुतेक गावांत माणशी दररोज १५० येन घेतले जातात. डोंगरातील लहान र्‍योकाने कित्येकदा रोख रक्कमच स्वीकारतात, तेव्हा येन जवळ ठेवावेत.

शाकाहारी वाचकांसाठी पुढचा मजकूर थोडा विस्ताराने लिहितो, कारण येथेच सर्वाधिक हिरमोड होतो. मांस आणि मासे खात नाही, एवढे सांगून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचा अर्क असतो, आणि तो बहुधा ‘कात्सुओबुशी’, म्हणजे वाळवलेल्या व धुरावलेल्या माशाच्या किसापासून काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेले सार, उकडलेल्या भाज्या आणि नूडल्सचा रस्सा या सर्वांत तो असतो, पण तो डोळ्यांना दिसत नसल्याने कित्येक यजमानांना त्यात मासा आहे असे वाटतच नाही. म्हणून आरक्षणाच्या वेळीच, निदान आठवडाभर आधी, जपानी भाषेत लिहून कळवावे की माशाचा अर्कही चालत नाही आणि त्याऐवजी ‘कोंबु’ या समुद्रवनस्पतीचा अर्क वापरावा. ते जमणार नाही असे उत्तर आले, तर त्याचा राग न धरता दुसरे र्‍योकान पाहावे किंवा भोजनाविना केवळ खोली घ्यावी. ऐन संध्याकाळी ताट परत पाठवण्यापेक्षा आधीचा स्पष्ट नकार दोघांच्याही हिताचा असतो. संपूर्ण शाकाहारी भोजन हवेच असेल, तर वाकायामा प्रांतातील कोयासान पर्वतावरच्या मठांत राहता येते. तेथे ‘शोजिन र्‍योरी’ हे भिक्षूंचे शाकाहारी भोजन मिळते, मात्र बहुतेक मठांत ओन्सेन नसते.

अंगावर गोंदण असेल तर तेही आधीच विचारावे. अनेक स्नानगृहांत गोंदण असलेल्यांना मनाई असते, कारण तेथे गोंदणाचा संबंध दीर्घकाळ गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेला आहे. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र अशी अडवणूक होत नाही. इतरत्र लहान गोंदण चिकटपट्टीने झाकता येते, नाहीतर ‘काशिकिरी’, म्हणजे तासाभरासाठी आपल्यापुरते राखून मिळणारे कुंड घ्यावे. ज्यांना परक्यांसमोर विवस्त्र होणे कदापि शक्य वाटत नाही, त्यांच्यासाठीही हाच मार्ग आहे. गुडघे दुखत असतील तर जमिनीवरच्या गादीऐवजी पलंगाची खोली मागावी, कारण अशा खोल्या आता पुष्कळ ठिकाणी मिळतात. जड सामान ‘ताक्क्युबिन’ सेवेने आदल्या दिवशीच पुढच्या शहरातील हॉटेलात पाठवावे आणि र्‍योकानमध्ये एका रात्रीपुरती पिशवी न्यावी.

र्‍योकानच्या दारातून आत गेल्यावर ‘गेन्कान’ नावाचा खालच्या पातळीवरचा भाग लागतो. तेथे जोडे काढून, मोज्यांचा पाय जोड्यांच्या जमिनीला न लावता, थेट वरच्या पायरीवर ठेवावा आणि तेथील सपाता घालाव्यात. या सपाता फक्त लाकडी मार्गिकांसाठी असतात. ‘तातामी’ म्हणजे गवताच्या जाड चटया जेथे सुरू होतात तेथे त्याही काढाव्या लागतात, आणि शौचालयासाठी निराळ्या सपाता ठेवलेल्या असतात. त्या तेथेच परत सोडण्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण शौचालयातील सपाता घालून बाहेर येणे हे यजमानाला खरोखर खटकते. परदेशी पाहुण्यांना नोंदणीसाठी पारपत्र दाखवावे लागते. पेटी खोलीत उचलून न्यावी, चाकांवरून ओढू नये. खोलीतील ‘तोकोनोमा’ हा किंचित उंच कोनाडा चित्रासाठी आणि फुलांसाठी राखलेला असतो, म्हणून तो मोकळा दिसला तरी त्यावर सामान ठेवू नये किंवा बसू नये.

थोड्या वेळाने ‘नाकाई’, म्हणजे खोलीची व्यवस्था पाहणारी स्त्री, चहा आणि एखादा गोड पदार्थ देते आणि भोजनाची वेळ विचारते. तो पदार्थ स्नानापूर्वीच खावा, कारण रिकाम्या पोटी गरम पाण्यात बसल्याने भोवळ येऊ शकते. त्यानंतर कपाटातील युकाता नेसावी. तिची डावी बाजू उजव्या बाजूवर आली पाहिजे, आणि हा नियम स्त्रीपुरुषांना सारखाच आहे. उजवी बाजू वर घेण्याची पद्धत केवळ मृतांना वस्त्र नेसवताना असते, त्यामुळे ही चूक कोणीतरी हळूच येऊन दुरुस्त करून जाते. युकाता नेसून जेवायला, स्नानाला आणि झऱ्याच्या गावात फिरायलाही जाता येते.

आता स्नान. स्नानगृहाच्या दारांवर कापडी पडदे असतात. बहुधा निळा पडदा पुरुषांचा आणि तांबडा स्त्रियांचा असतो, परंतु रंगावर विसंबू नये, तर अक्षर ओळखायला शिकावे. पुरुषांच्या अक्षराच्या वरच्या अर्ध्या भागात चार खान्यांची चौकट असते, आणि स्त्रियांच्या अक्षरात चौकट नसून एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा असतात. अनेक र्‍योकानांत रात्री किंवा पहाटे पडद्यांची अदलाबदल करतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कुंडांचा लाभ सर्वांना मिळतो. म्हणून काल गेलो त्याच दारातून आज न पाहता शिरू नये.

कपडे बदलण्याच्या खोलीत सर्व वस्त्रे टोपलीत ठेवावीत. अंतर्वस्त्र किंवा पोहण्याचा पोशाख घालून आत जाता येत नाही. अंग कोरडे करण्याचा मोठा टॉवेल येथेच ठेवायचा आणि पंचाएवढे लहान फडके हाती घेऊन आत जायचे. संकोच वाटतो तो या क्षणापुरता. आत गेल्यावर कोणी कोणाकडे पाहत नाही, असे माझ्या पाहण्यात आहे, आणि दोन-चार मिनिटांत आपणही आपल्याकडे पाहणे सोडून देतो.

कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुणे हा येथील सर्वांत कडक नियम आहे. भिंतीलगत नळ, बसायला लाकडी किंवा प्लॅस्टिकचे ठेंगणे पाट आणि छोटी घंगाळी मांडलेली असतात. पाटावर बसूनच आंघोळ करावी, कारण उभ्याने केल्यास शेजाऱ्यावर फेस उडतो. साबण लावून, केस धुतले असतील तर तेही नीट खळखळून, फेसाचा अंशही राहणार नाही अशा बेताने अंग धुवावे, आणि उठण्यापूर्वी पाट व घंगाळे धुऊन जागच्या जागी ठेवावे. मळ काढण्याचे काम या पाटावर पूर्ण होते. कुंड ऊब घेण्यासाठी आहे आणि त्यातील पाणी आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचे आहे, ही एक गोष्ट मनात पक्की असली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. फडके पाण्यात बुडवायचे नाही, म्हणून लोक ते घडी करून डोक्यावर ठेवतात. लांब केस वर बांधायचे असतात, पोहायचे किंवा पाणी उडवायचे नसते. छायाचित्र काढणे तर दूरच, मोबाइल आतच न्यायचा नाही.

उतरताना आधी घंगाळ्याने पायांपासून वर खांद्यांपर्यंत पाणी घ्यावे आणि मग सावकाश आत शिरावे. कुंडाचे तापमान साधारण ४० ते ४२ अंश असते आणि पहिल्यांदा ते सोसवत नाही असेच वाटते. हालचाल न करता बसले की अंगाभोवती पाण्याचा एक सौम्य थर राहतो आणि दाह कमी होतो. पहिल्या खेपेस पाच मिनिटे पुरेत. मग बाहेर काठावर बसून अंग निवू द्यावे आणि पुन्हा उतरावे. ‘रोतेन्बुरो’, म्हणजे उघड्यावरचे कुंड असेल तर ते शेवटी ठेवावे. डोक्याला थंड वारा आणि मानेखाली ऊन पाणी असल्यामुळे तेथे बराच वेळ बसवते, आणि हिवाळ्यात बर्फ पडत असताना मिळणाऱ्या त्या सुखासाठी मी कितीही लांबचा प्रवास करायला तयार आहे.

मद्य घेतल्यावर कुंडात उतरू नये. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि कोणीही झटकन उठू नये. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते, म्हणून दागिने खोलीत ठेवावेत. बाहेर पडताना अंगावरचे झऱ्याचे पाणी सहसा धुऊन टाकत नाहीत. मात्र कुसात्सुसारखे अत्यंत आम्ल पाणी असेल आणि त्वचा नाजूक असेल, तर साध्या पाण्याने अंग धुवावे. कपड्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी फडक्याने अंग टिपावे, म्हणजे तेथील जमीन ओली होत नाही, आणि वर येऊन भरपूर पाणी प्यावे.

भोजन खोलीत किंवा भोजनगृहात वाढतात. ‘काइसेकी’ पद्धतीत लहान लहान पदार्थ क्रमाने येतात, आणि भात, मिसो सार व लोणचे शेवटी येते. त्यामुळे सुरुवातीला भात मागण्याची घाई करू नये. समोरच्या छोट्या शेगडीखालचे इंधन नाकाई पेटवून देते आणि ते विझले की वरचा पदार्थ तयार झाला असे समजावे. चॉपस्टिक्स भातात उभ्या रोवू नयेत आणि त्यांनी एकमेकांना घास देऊ नये, कारण या दोन्ही कृती अंत्यविधीतल्या आहेत. मद्य आणि इतर पेयांचे पैसे निराळे लागतात. जेवून परत यावे तो बैठे मेज बाजूला सारून गाद्या घातलेल्या असतात.

रात्री पुन्हा स्नान करावे, पण जेवणानंतर निदान तासभर थांबून. सकाळी सहाच्या सुमारास, न्याहारीपूर्वीचे स्नान मात्र चुकवू नये, कारण त्या वेळी कुंडावर फार थोडी माणसे असतात आणि वाफेतून उजाडताना दिसते. निघताना गाद्या गुंडाळून ठेवण्याची गरज नसते. युकाता घडी करून ठेवली तर पुरे, आणि ती सोबत न्यायची नसते. बक्षिसी अपेक्षित नसते. कोणी पूर्वापार रीतीने देऊच इच्छीत असेल, तर नोटा उघड्या न देता पाकिटात घालून, आगमनाच्या वेळीच नाकाईच्या हाती द्याव्यात. पेये आणि स्नानकर यांचा हिशेब चुकता करून गेन्कानमध्ये यावे, तर आपले जोडे दाराकडे तोंड करून मांडलेले दिसतात. ‘ओकामी’, म्हणजे घराची मालकीण, आणि इतर माणसे बाहेर येऊन वाकून निरोप देतात आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तशीच उभी राहतात, म्हणून वळण येईपर्यंत आपणही मागे पाहत राहावे.