चालणं सोडू नका, वेळ आणि रस्ता बदला: शहरातल्या हवेत मधुमेहींनी हृदय कसं जपावं

मी चेंबूर, गोवंडी, कुर्ला या भागात घरोघरी जाऊन लॅबसाठी रक्त घेते. फास्टिंगचं रक्त म्हटलं की सकाळी सहा ते नऊ हीच वेळ. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर कधी कधी पुढच्या डंपरचे लाल दिवे तेवढे दिसतात. माझी स्वतःची साखर दुसऱ्या बाळंतपणात चढली आणि काही वर्षांनी मुक्कामालाच आली, म्हणून हा विषय माझ्याही घरचा आहे. सुई काढून कापूस दाबून धरला की पेशंट विचारतात, "ताई, हवा एवढी खराब आहे, वॉक बंद करू का?"

बंद करू नका. चालणं थांबलं की साखर, बीपी आणि वजन एकमेकांच्या मागोमाग वर जातात आणि त्याचा फटकाही शेवटी हृदयालाच बसतो. बदलायची ती चालण्याची वेळ, रस्ता आणि घरातली हवा.

हवेचा आणि हृदयाचा संबंध काय, हे आधी थोडक्यात सांगते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकाशी पोचतात. त्यांच्यामुळे शरीरात सूज वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त लवकर गोठू लागतं, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसांवर ताण येतो. डायबेटिसने नेमक्या याच जागा आधीच दुखावलेल्या असतात. अमेरिकेत शिकागोच्या परिसरातल्या वयस्कर लोकांच्या हॉस्पिटल-नोंदींवरचा एक अभ्यास २००१ मध्ये छापून आला. हवेतली धूळ, म्हणजे पीएम १०, दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढली की हृदयविकारासाठी भरती होण्याचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांत साधारण १ टक्क्याने वाढत होतं, मधुमेहींत साधारण २ टक्क्यांनी. म्हणजे त्याच हवेचा दुप्पट मार. मुंबईच्या थंडीत हा धुळीचा आकडा दहाने नव्हे, पन्नास-शंभराने वरखाली होतो.

वेळ

पहाटेची हवा शुद्ध, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावाकडे ते खरं असेल. शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते धरून चालू नका. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. रात्रीच्या ट्रकचा धूर, बांधकामाची धूळ, कुठे पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. ऊन चढून जमीन तापली की ते सुटतं. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा येतो, मग आणखी मोकळं होतं.

म्हणून थंडीच्या दिवसांत सहाचा वॉक दहा-अकराला न्या, नाहीतर दुपारी चार ते साडेपाचमध्ये, संध्याकाळची गर्दी रस्त्यावर उतरायच्या आत. नोकरीमुळे जमत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातच चाला. हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्यांनीही जेवणानंतरची साखर खाली येते, पीपीच्या, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेच्या, रिपोर्टवर फरक दिसतो. पायांना बधिरपणा असेल तर घरातही चप्पल घालूनच फेऱ्या मारा.

एक सावधगिरी मात्र हवीच. तुम्ही इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या, तर वॉकची वेळ बदलल्यावर साखर खाली येण्याची वेळही बदलते. दुपारी चारला जेवण जिरलेलं असतं, चहा व्हायचा असतो. पहिले काही दिवस निघण्याआधी ग्लुकोमीटरवर पाहा. शंभरच्या खाली असेल तर आधी थोडं खा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि वेळ बदलल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

रस्ता

लंडनमध्ये एक फार उपयोगी अभ्यास झाला, तो २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या माणसांना दोन तास चालायला लावलं. एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जिथे तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सी सतत धावायच्या, आणि एकदा जवळच्याच हाइड पार्कमध्ये. बागेत चालल्यावर फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या दोन्ही सुधारल्या. रस्त्यावर चालल्यावर तो फायदा बराचसा बुडाला. माणसं तीच, चालणंही तेवढंच.

आपल्याकडे हाइड पार्क नाही, पण आतली गल्ली असते. सायन-ट्रॉम्बे रस्त्याच्या फुटपाथवरून बसच्या मागे मागे चालणारे कितीतरी काका मला रोज दिसतात. शे-दोनशे मीटर आत, सोसायट्यांच्या मधल्या रस्त्यावर वळलं तरी धूर बराच कमी होतो. सिग्नलजवळ, रेडिमिक्स काँक्रीटच्या गाड्या जिथे वळतात तिथे, लाकडावर चालणाऱ्या बेकरीच्या मागे आणि उड्डाणपुलाखाली रेंगाळू नका. बागेत गेलात तर रस्त्याकडच्या कुंपणालगत न फिरता आतल्या बाजूने फेऱ्या मारा.

आकडा पाहायचा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप आहे. त्यात एक गोम आहे. तिथला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, हा मागच्या चोवीस तासांची सरासरी असतो. आत्ता, या तासाला हवा कशी आहे ते त्यावरून कळत नाही, म्हणून जवळच्या केंद्राचा दर तासाचा पीएम २.५ बघा. दुसरं म्हणजे बरीच परदेशी ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ दर घनमीटरला साठ मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या मोजपट्टीवर एक्यूआय १०० येतो आणि त्यांच्या मोजपट्टीवर दीडशेच्या वर. शेजारणीचा आकडा तुमच्याशी जुळला नाही तर कारण बहुतेक हेच. मी स्वतः आपल्या मोजपट्टीवर १०० पर्यंत नेहमीसारखी चालते, १०० ते २०० असला की वेळ आणि गल्ली निवडून, आणि २०० च्या वर गेला की घरात. ज्यांना आधी अटॅक येऊन गेलाय किंवा ॲन्जिओप्लास्टी झाली आहे त्यांनी आपली हद्द डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

घर

यावर कोणी फारसं बोलत नाही, पण मी रोज घरांत शिरते म्हणून मला दिसतं. सकाळी साडेसात, एसीमुळे खिडक्या रात्रीपासून बंद, कोपऱ्यात संपत आलेली डासांची कॉइल, देवघरात धूप आणि तीन-चार उदबत्त्या, आणि त्याच खोलीत पलंगावर बायपास झालेले आजोबा हात पुढे करून बसलेले. बाहेरच्या हवेला बोल लावायच्या आधी ही खोली मोकळी करा.

एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असं प्रयोगात मोजलं गेलंय. कॉइल बंद करा. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा. देवापुढे तेलातुपाची एक वात आणि फुलं पुरतात. उदबत्ती लावायचीच असेल तर एक लावा, खिडकीजवळ लावा आणि ती विझेपर्यंत हृदयाच्या पेशंटला दुसऱ्या खोलीत बसवा. सासूबाईंना हे पटवायला वेळ लागतो. भांडू नका, "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा.

फोडणी घालताना, पापड भाजताना एक्झॉस्ट फॅन लावा आणि गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. कोरड्या झाडूने धूळ उडते, म्हणून आधी ओलं फडकं फिरवा. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी लवकर आणि संध्याकाळच्या गर्दीत बंद ठेवा, दुपारी सताड उघडा. एअर प्युरिफायर परवडत असेल तर हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा) घ्या, खोलीच्या मापाचा घ्या आणि जिथे झोपता तिथे ठेवा. ओझोन सोडणारं यंत्र कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ओझोन श्वासावाटे घेणं हाच त्रास आहे.

मास्क आणि गूळ

स्कूटरवर ओढणी बांधली की धूळ अडते, पीएम २.५ अडत नाही. एन-९५ लागतो आणि तो गालाला घट्ट बसावा लागतो. जोरात उच्छ्वास सोडल्यावर चश्म्यावर वाफ आली तर वरून हवा निसटते आहे, नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. दाढी असली की मास्क नीट बसत नाही. मास्क प्रवासासाठी ठेवा. तो लावून झपझप चालू नका. धाप लागली तर मोकळ्या जागी थांबून काढा.

आणि गूळ. "धुळीत काम केलं की गूळ खावा, छाती साफ होते" हे कारखान्यांतून, गिरण्यांतून आलेलं आहे आणि अजून ऐकू येतं. रक्तवाहिन्यांपर्यंत पोचलेला त्रास गुळाने निघत नाही. गूळ ही साखरच आहे, ती पीपीच्या रिपोर्टवर लगेच दिसते.

ऑक्टोबरमधली भेट

पाऊस संपला की हवा बिघडायला लागते. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांकडे एक फेरी मारा. तीन महिन्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, गरज असेल तर ईसीजी. फ्लूच्या लसीबद्दल विचारा. रिपोर्ट बरे आले म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करणारे मला दर आठवड्याला भेटतात. गोळी चालू आहे म्हणून तर रिपोर्ट बरा आहे. त्या लंडनच्या अभ्यासातही हृदयविकाराच्या ज्या रुग्णांची औषधं चालू होती, त्यांना रस्त्यावरच्या हवेचा त्रास कमी झालेला दिसला.

घाम सुटला तर

डायबेटिसमध्ये नसा बोथट होतात, म्हणून छातीत कळ न येताही अटॅक येऊ शकतो. येतो तो दम लागणं, गार घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, कारण नसताना गळून जाणं अशा रूपात. घरचे म्हणतात शुगर लो झाली असेल, नाहीतर पित्त असेल. मग साखर चारतात, ईनो देतात आणि मोलाचा वेळ जातो.

एका घरी मी पोचले तेव्हा काकू खुर्चीत घामाने ओल्याचिंब होत्या आणि सून साखरेचं पाणी ढवळत होती. मी आधी बोट टोचलं. साखर १४२. म्हणजे हा घाम साखरेचा नव्हता. पाणी बाजूला ठेवायला लावलं आणि गाडी मागवली. ईसीजीत अटॅक निघाला. वेळेत पोचल्या, आज घरी आहेत.

हेच तुम्ही करा. घाम सुटला की ग्लुकोमीटर काढा. साखर सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. साखर ठीक असून घाम, दम किंवा मळमळ असेल, किंवा साखर वर येऊनही त्रास थांबला नाही, तर १०८ ला फोन करा. ग्लुकोमीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका, फोन आधी. पेशंटला जिने उतरायला लावू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी) जिभेखाली ठेवू नका, बीपी एकदम पडू शकतं. डॉक्टरांनी ती आधी लिहून दिली असेल तरच. अशा वेळी ॲस्पिरिन चावून खायची की नाही, तेही ऑक्टोबरच्या त्याच भेटीत विचारून ठेवा. गोळ्यांची नावं, डोस, कशाची ॲलर्जी आहे आणि घरच्या दोघांचे फोन नंबर एका कागदावर लिहा. एक कागद पाकिटात ठेवा, दुसरा फ्रिजच्या दारावर चिकटवा.