घेरदार स्कर्टची कड लगेच दुमडू नका

१९५०च्या धाटणीचा पूर्ण घेराचा स्कर्ट पॅटर्नप्रमाणे अचूक कापला, तरी चार दिवसांत खालची कड जागोजागी लोंबते. घेर गोल कापल्याने जिथे कापड उरेब (धाग्यांना तिरकं) येतं, तिथे ते ताणलं जातं. म्हणून:

१. कंबरपट्टी लावून स्कर्ट चिमट्यांच्या हँगरला २४ तास टांगा. जॉर्जेट, क्रेप असेल तर दोन दिवस.

२. मग तो घालून सरळ उभ्या राहा, पायात त्याच्यावर घालायच्याच चपला हव्यात. दुसऱ्या कुणीतरी जमिनीवर पट्टी उभी धरून घेरभर एकाच उंचीवर खडूने खुणा करायच्या. फिरायचं पट्टीवाल्याने, तुम्ही हलायचं नाही. (घरात कुणीतरी कुरकुरणार, चालायचंच!)

३. खुणेखाली सेंटिमीटरभर सोडून कापा आणि बारीक दुमड घाला. रुंद दुमडीला गोलाईवर चुण्या पडतात.

सुती कापड मात्र कापण्याआधीच धुवून घ्या.