टेकडीवर सायकल नेण्याआधी: हँगर आणि इतर

हँगर. यादी इथूनच सुरू करतो. मागच्या ऑक्टोबरात नवी मुंबईतल्या खारघरच्या टेकडीवर माझ्याकडे दोन ट्यूब होत्या, पंप होता, तीन लिटर पाणी, चिक्की, केळी, ओआरएसची पाकिटं, आणि हौस म्हणून छोटा स्पीकरसुद्धा होता. हँगर नव्हता.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्याला आपण सगळे आरडी म्हणतो, तो फ्रेमला थेट लावलेला नसतो. मध्ये बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, तोच हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे दगड लागला तर तो वाकावा किंवा तुटावा, आणि महागडा आरडी आणि त्याहून महागडी फ्रेम वाचावी. घरातल्या फ्यूजसारखंच. पण फ्यूज गेला तर शेजाऱ्याकडून तार आणून भागतं. हँगर गेला तर हँगरच लागतो, आणि तोही तुमच्याच फ्रेमचा. खरी मेख इथे आहे. ट्यूब मित्राची चालते, पंप मित्राचा चालतो, पाणी वाडीतली कुठलीही मावशी देते. हँगर उसना मिळत नाही. माझ्या मावसभावाच्या पिशवीत एक होता, त्याने लगेच काढूनही दिला, पण भोकं जुळेनात. २०१९ साली सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सगळ्या फ्रेमना एकच हँगर चालावा म्हणून यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आणला आणि आता बऱ्याच नव्या सायकलींना तो असतो, पण आमच्या कंपूतल्या बहुतेक सायकली जुन्या किंवा स्वस्तातल्या. त्यामुळे फ्रेमचं मॉडेल आणि साल लिहून घ्या, जुना हँगर काढून त्याचा फोटो काढा, आणि दोन मागवा. एक पिशवीत, एक घरी.

(रात्री घरी पोचल्यावर आई म्हणाली, "हँगरपायी एवढा उशीर? कपाटात दहा तरी असतील.")

आता कधी जायचं. पावसाळ्यात नाही. पांडवकडा धबधबा आणि खारघरच्या टेकडीवर त्या दिवसांत पोलीस मनाई लावतात, कारण तिथे माणसं वाहून गेली आहेत. मनाई नसती तरी शेवाळलेल्या कातळावर टायर म्हणजे ओल्या साबणावर पाय. दसऱ्यानंतर जमीन सुकते, पण गवत कमरेएवढं असतं आणि त्यात काय दडलंय ते दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत पिवळं होऊन आडवं पडतं, वाट मोकळी होते, तो खरा हंगाम. मार्चनंतर काळा दगड असा तापतो की नऊ वाजताच खालून तव्यासारखी धग लागते, वर वणव्याची भीती. ठाणेकरांना येऊर जवळचं वाटेल, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. डांबरी रस्ता सोडून जंगलात चाक घालायचं तर वनखात्याची परवानगी लागते. बिबटे आहेत, अंधारात फिरू नका. एवढं पुरे.

दगडाबद्दल मात्र जरा जास्त बोलणार, कारण यादीतल्या अर्ध्या वस्तू त्याच्यामुळेच आल्या. आपल्या या टेकड्या म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. थरावर थर. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, त्याखालचा सच्छिद्र, मऊ थर झिजून पट्टा तयार होतो. म्हणून आपली वाट थोडी सपाट जाते आणि अचानक गुडघाभर पायरी येते. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप म्हणजे मुळात स्वीडिश भाषेतली पायरी, सापळा नव्हे. मला त्या दिवशी सापळाच वाटला, ते सोडा. हा दगड कुजतो तोही कांद्यासारखा, पापुद्रे सुटत सुटत. आत टणक गोल गाभा उरतो, भोवती मुरूम. पावसाचं पाणी मुरूम वाहून नेतं आणि ते गोल धोंडे वाटेवर सुटे ठेवून जातं. त्यामुळे फेब्रुवारीत तोंडपाठ झालेली वाट ऑक्टोबरात वेगळीच असते. पहिली फेरी हळू मारा. पायऱ्यांवरून उडवायच्या आधी उतरून, चालत जाऊन बघा. लाज वाटत असेल तर फोटो काढायचं नाटक करा.

फुटलेल्या कातळाची धार काचेसारखी असते, म्हणून टायर. ट्यूबलेस असेल तर टायरची एक कड सोडवून आतलं सीलंट (भोकं आपोआप बुजवणारं द्रव) ओलं आहे का ते बघा. आपल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत त्याची साय होते आणि आपण मात्र भरलंय, भरलंय म्हणत फिरतो. मी अडुसष्ट किलोचा, २.३ इंची टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय ठेवतो. ट्यूब असेल तर तिशीच्या खाली जाऊ नका, पायरीच्या कडेवर ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली तर सीलंट काही करत नाही. त्यासाठी दुधाची रिकामी पिशवी धुऊन, दुमडून सोबत ठेवा, आतून लावली की घरी येण्यापुरतं भागतं. ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब घ्यायचीच, आणि पंपाचं तोंड त्या ट्यूबच्या व्हॉल्व्हला बसतं का ते घरी बघायचं.

ब्रेक पॅड बघा. हेल्मेट, हे काय सांगायचं. हातमोजे पूर्ण बोटांचे, कारण मुरमावर पडलं की तळहात खिसणीवरून काढल्यासारखा होतो. गुडघ्याचे पॅड वर चढताना नको वाटतात, उतरताना हवेसे वाटतात.

परत हँगर. घेतला म्हणून काम झालं नाही, तो बदलता आला पाहिजे. आदल्या रविवारी घरी गॅलरीत एकदा करून बघा: चाक काढा, आरडी सोडवा (बहुतेक पाचच्या ॲलन कीने सुटतो), मग हँगरचे स्क्रू. ते बारीक असतात आणि प्रत्येक फ्रेमला वेगळ्या मापाचे, तेव्हा ती ॲलन की तुमच्या मल्टिटूलमध्ये आहे का ते तपासा. नसेल तर हँगर असून नसल्यासारखा. जास्तीचे स्क्रूही हँगरसोबत छोट्या झिपच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी टूलकिटमध्ये चिकटपट्टीने चिकटवा. "बघू, कुठेतरी ठेवलाय" हे वाक्य मी टेकडीवर म्हटलंय. तो कुठेतरी म्हणजे घरच्या ड्रॉवरमध्ये, आधीच्या सायकलचा.

आणि हे सगळं टळलं असतं. मला आधी दगड लागला होता. फणसवाडी ओलांडून पठारावर गवतातून जाताना उजव्या बाजूला ठक्क झालं, मी थांबलो नाही. मागून एकदा नजर टाकली असती तर दिसलं असतं की आरडीची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) रेषेत सरळ उभी नाहीत, आत कलली आहेत. वाकलेला हँगर सपाटीवर त्रास देत नाही. पुढच्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाकला, आरडी आत सरकला आणि आऱ्यांत घुसला. कर्रर्र. हँगरचे दोन तुकडे, तीन आरे वाकडे, चाक फ्रेमला घासतंय. म्हणून उजव्या कुशीवर पडलात, काही लागलं, नुसता आवाज जरी आला, तरी उतरा आणि मागे बसून बघा. थोडा वाकला असेल तर हलका गिअर वापरू नका. तुटलाच आणि सुटा हँगर नाहीच, तर चेन ब्रेकरने चेन तोडून आखूड करायची, एका मधल्या गिअरवर बसवून क्विक लिंकने जोडायची आणि तसंच यायचं. फुल सस्पेन्शनवाल्यांना हेही नीट जमत नाही. मलाही जमलं नाही, कारण चाकच फिरेना. मागचं चाक खांद्याच्या उंचीला उचलून घाट उतरलो. खाली एका भाजीच्या टेम्पोवाल्या काकांनी सायकल कोबीच्या गोण्यांवर टाकली आणि ऐरोलीपर्यंत आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "एवढी महागाची आणि चालत आणता?"

पाणी तीन लिटर. ऑक्टोबरात तेही कमी पडतं. मीठ-साखर-लिंबू किंवा कोकम, तुमची आवड. वडापाव परत आल्यावर, आधी खाल्लात तर चढाला आठवेल. प्रथमोपचारात चिकटपट्टी, जंतुनाशक, लांब बँडेज. पठाराच्या मागच्या अंगाला फोनला रेंज येतेच असं नाही, तेव्हा नकाशा उतरवून ठेवा आणि घरी परतायची वेळ सांगून जा. एकट्याने जाऊ नका.

वाड्यांमधून जाताना उतरून चाला. चाफेवाडी असो, फणसवाडी असो, तिथे लोक राहतात. अंगणातून सायकल दामटू नका, शेताच्या बांधावर तर नाहीच. कोंबडी आडवी आली तर चूक तुमची. कुत्री मागे लागली तर थांबा, सायकल मध्ये धरा, ती कंटाळून जातात.

निघायच्या सकाळी: पाचला ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रक असतात, मागचा लाल दिवा लावा. हवा, ब्रेक, चाकांचे ॲक्सल. हँगर पिशवीत आहे? हात घालून बघा. आठवणीवर भरवसा नको, मीही आठवणीवरच गेलो होतो.

परत आल्यावर चेन पुसून तेल. गोचीड बघा, पोटऱ्या, कंबर. बूट सावलीत, आत वर्तमानपत्र.

हँगर वापरला गेला असेल तर घरचा पिशवीत टाका आणि त्याच संध्याकाळी नवा मागवा. माझा यायला तीन आठवडे लागले, त्यात दिवाळीची सुट्टी गेली.