प्रेसमध्ये बोट चेचलं तेव्हा

भोसरीत कारखान्यात प्रेस मशीनवर काम करताना माझी तर्जनी चेचली. रुमाल रक्ताने जड झालेला, आणि सुपरवायझर म्हणतोय, "दवाखान्यात घरी लागलं म्हणून सांग." मी ऐकलं नाही. डॉक्टरांना खरं तेच सांगितलं, केसपेपरवर मशीन आणि वेळ लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी भावाला पाठवून अपघात रजिस्टरात नोंद करवली, पानाचा फोटो काढला. मग कंपनीने फॉर्म १२, म्हणजे ईएसआयला द्यायचा अपघाताचा अहवाल, भरला.

या नोंदीसाठी भांडाच. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, साध्या आजारपणाला पगाराच्या ७० टक्के मिळतात, कामावरच्या दुखापतीला ९० टक्के. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी. कंत्राटी कामगारांनाही हे लागू आहे, कुणी काही सांगो. टाके निघेपर्यंतची सगळी सर्टिफिकेटं मी जपून ठेवली, आणि पैसे थेट खात्यात आले.