पाऊस लागला, आता फांद्या लावा: परसातल्या औषधी आणि मसाल्याच्या झाडांसाठी मृग ते श्रावणाचा सल्ला

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं. पहिले एक-दोन दणके पडून माती वीतभर ओली झाली, की परसातल्या, गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या औषधी झाडांच्या लावणीला याहून चांगला काळ वर्षात दुसरा नाही. मात्र नेमके याच दिवसांत बरेच जण नर्सरीतून रोझमेरी, थाइम, ओरेगॅनोच्या कुंड्या उचलून आणतात. ही मूळची भूमध्य समुद्राकाठची झाडं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्या आषाढात ती मुळापासून कुजतात आणि दोष मात्र लावणाऱ्याच्या हाताला दिला जातो. हौस असेल तर दिवाळीनंतर आणा, थंडीत छान वाढतात.

जूनमध्ये फांद्या, ठोंब आणि कंद लावायचे, बियांची घाई करायची नाही. हवा दमट आणि ऊन मवाळ असल्याने तोडलेल्या फांदीतलं पाणी लवकर उडत नाही, मुळं फुटेपर्यंत ती तग धरते. मे महिन्यात तीच फांदी आठवड्यात वाळून जाते. बियांचं उलट आहे. तुळस, सब्जा यांचं बारीक बी मोठ्या सरीत वाहून जातं, उगवलंच तर कोवळं रोप चिखलात आडवं होतं. तुळशीखाली आपोआप उगवलेली चार-सहा पानांची रोपं पाऊस उघडल्यावर मातीसकट उचलून लावा, ती बियांपेक्षा खात्रीची.

अडुळशापासून सुरुवात करा. खोकल्याच्या दिवसांत हटकून लागणारं झाड, शिवाय शेळी-गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही सोयीचं. पेन्सिलीएवढ्या जाडीची, करड्या सालीची जून फांदी घ्या. हिरवी लुसलुशीत नको, ती सडते. वीतभर तुकडा, त्यावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घ्या, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. उलटी रोवलेली फांदी फुटत नाही. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा. दोन डोळे मातीत जातील इतकी रोवून भोवतीची माती बोटांनी घट्ट दाबा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसला म्हणून हुरळून उपटून बघू नका. तो कोंब बऱ्याचदा फांदीतल्या साठ्यावर आलेला असतो, खाली मुळांचा पत्ता नसतो. महिना-दीड महिना तिला हलवू नका.

पानओव्याच्या चार बोटं लांबीच्या काड्या एक दिवस सावलीत सुकवून मग लावा. काप कोरडा झाला की कुजण्याची भीती कमी होते. पुदिन्यासाठी नर्सरीत जायची गरजच नाही. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, शक्यतो पेरावर पांढरे टोक फुटलेल्या, आणि आडोशाला पसरट कुंडीत आडव्या दाबा. पुदिन्याला वेगळी कुंडीच द्या. जमिनीत मोकळा सोडलात तर शेजारच्या झाडांना तो जागा ठेवत नाही.

गवती चहाचा जुना ठोंब मध्ये वाळायला लागला असेल तर आता फोडा. दोन-तीन फुटवे एकत्र ठेवून, पाती वीतभर राखून वरची छाटून, दीड-दोन फुटांवर लावा. पातीची कड कापते, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काम करा. नव्या ठोंबाची पात गणपतीपर्यंत तोडू नका. चहासाठी जीव फारच कासावीस झाला, तर जुन्या ठोंबाचा एक तुकडा न फोडता तसाच ठेवा.

आलं आणि हळद यांची लावण आपल्याकडे अक्षय्य तृतीयेपासून करतात. राहून गेली असेल तर घरच्यापुरतं मृगातही चालतं. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण रुंद हवी, किमान बारा इंच. आल्याचा २५-३० ग्रॅमचा, ठसठशीत डोळा असलेला तुकडा डोळा वर करून दोन इंच खोल लावा आणि वर वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला. या दोघांचा खरा शत्रू म्हणजे कंदकूज. पानं कडेने पिवळी पडू लागतात, बुंधा बोटाने दाबला तर मऊ लागतो आणि फुटवा ओढला की अलगद हातात येतो, खालून कुजका वास. असं दिसलं की तो कंद भोवतालच्या मातीसकट काढून लांब टाका. तिथं औषध ओतत बसण्यात अर्थ नाही. त्याआधी मात्र उपाय आहे: लावताना एक किलो कुजलेल्या शेणखतात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (कंद कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) मिसळून घाला आणि पाणी साचू देऊ नका. श्रावणात पातोळ्यांसाठी हळदीच्या पानांना मागणी येते. एका झाडाची एक-दोन पानंच तोडा, कारण कंद पोसला जातो तो पानांच्या जिवावर.

आता पाण्याकडे वळू. पावसाळ्यात घरची झाडं दुर्लक्षाने कमी आणि साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. कुंड्यांची जागाच पाण्याच्या हिशेबाने बदला. ब्राह्मी, वेखंड, पुदिना ओल्या जागी खूश असतात. कोरफड, पानओवा आणि तुळस यांना पागोळीखाली ठेवू नका. कौलावरून किंवा पत्र्यावरून पडणारी धार माती खणते आणि खोड सडवते. कोरफड तर सरळ आडोशाला घ्या, पावसाळाभर तिला वरून पाणी नाही मिळालं तरी बिघडत नाही. प्रत्येक कुंडी दोन विटांवर चढवा, तळाचं भोक काडीने मोकळं करा, खालच्या बशा काढून ठेवा. बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, तेव्हा हे काम फक्त झाडासाठी नाही. नव्या कुंडीत दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडसर वाळू घ्या. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. नुसत्या काळ्या मातीत कुंडी भरली तर आषाढात ती लोण्याच्या गोळ्यासारखी चिकट होते.

हे सगळं कोकण, मावळ आणि घाटमाथ्याला लागू. मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात मृग कोरडा गेला तर फांद्या लावायची घाई करू नका, पुढच्या आर्द्रा नक्षत्रापर्यंत थांबा. तिथं पाऊस मध्येच दोन-तीन आठवडे दडी मारतो, म्हणून आच्छादन हवंच, आणि नव्या फांद्या झाडाच्या सावलीला लावा.

कीड बघायला रोज पाच मिनिटं द्या, सकाळी. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर जवळ जाऊन बघा. बहुतेक वेळा ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. काडी लावली की डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार दिवसांनी हीच अळी हिरवीगार, बोटाएवढी होऊन फांदी बोडकी करते. दोन-चार असतील तर हाताने उचलून लिंबाच्या मोठ्या झाडावर सोडा. जास्त झाल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. नंतर आठवडाभर ती पानं फोडणीत घालू नका. खायच्या पानांवर रासायनिक कीटकनाशक मारणं मला तरी वेडेपणाच वाटतो.

गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाफ्याकडेला पसरा. सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीवर टाकू नका.

गुळवेल लावणाऱ्यांसाठी थोडं जास्त. करोनाच्या काळात ती घरोघरी आली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा ठपका मान्य केला नाही आणि दिसायला सारख्या असलेल्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असू शकते, असं सांगितलं. त्या वेलीच्या खोडावर ठळक पुटकुळ्या असतात. गुळवेलीची साल पातळ, कागदासारखी सुटणारी, आत हिरवी. तेव्हा फांदी ओळखीच्या, जाणत्या माणसाकडूनच घ्या आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी लावा, पण काढा रोज पिण्याआधी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारा. यकृताचा जुना त्रास असेल तर नकोच. अडुळसा गरोदर बाईला देऊ नये. कोरफडीचं पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, तो पोटात गेला तर जुलाब होतात.

कोथिंबीर उघड्यावर लावू नका. धने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि पावसाचा थेंब न लागणाऱ्या खिडकीशी पसरट ट्रेमध्ये पेरा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. मेथी अशीच आडोशाला येते, पण ओवा, बडीशेप यांची घाई नको. त्यांचं बी कोरड्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा, दसरा झाला की वाफे खणून पेरा.